सहा सिलिंडरचा हंगाम

दिवाळी सरली की आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागतात. एखादं कांडं निसटून डांबरावर पडतं, मागच्या चाकाखाली चिरडतं आणि तेवढाच रस्ता चिकट होऊन बसतो. संध्याकाळी वारा गावाकडून आला तर गुळाचा वासही येतो. माझ्याबरोबर फिरायला येणारे निवृत्त मित्र तिथंच थांबतात, डोळे मिटून छाती भरून घेतात. "काय वास सुटलाय!" म्हणतात. माझ्या कपाळाला मात्र आठी पडते. माझ्या नाकात हा वास एकटा येतच नाही. त्याच्या मागोमाग रॉकेलचा धूर येतो, जळलेल्या ऑइलचा करपट दर्प येतो, आणि इतक्या वर्षांनंतरही मी मनातल्या मनात एक इंजिन खोलायला बसतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात राजा आणि मी मिळून एक शेड चालवत होतो. राजा माझा शाळेपासूनचा मित्र. एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक लांब बाक आणि वर तापणारा पत्रा, एवढा आमचा कारखाना. आमचं मुख्य काम हाफ इंजिनाचं. म्हणजे इंजिनाचा खालचा अर्धा भाग: पिस्टनच्या धक्क्यानं फिरणारा जाड दांडा म्हणजे क्रँक, तिला पेलणारी बेअरिंगं, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि तेलाचा पंप. गाडी घेऊन येणारा माणूस नेहमी वरच्या भागाबद्दल बोलतो, कार्बुरेटर, प्लग, धूर. खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. पण वर पेटणारा प्रत्येक स्फोट शेवटी खालच्या क्रँकच्या अंगावर येतो. खालचं घर मजबूत नसेल, तर वरून कितीही ताकद काढा, ती ताकदच इंजिनाचा जीव घेते. हे सगळं तेव्हा मला तोंडपाठ होतं. म्हणूनच जास्त राग येतो.

माझी थोरली बहीण, आक्का, गडमुडशिंगीला दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, त्या वर्षी भाऊबंदांतून वेगळे झाले होते. वाटणीत जमीन आली, पण गुऱ्हाळ थोरल्या चुलतभावाकडं राहिलं. बांधावरून शब्दाला शब्द लागला आणि दाजी चारचौघांत म्हणाले, "तुमच्या घाण्यावर माझ्या उसाचं एक टिपरू येणार न्हाय!" मग त्या बोलण्याला जागायचं म्हणून त्यांनी स्वतःचं गुऱ्हाळ उभं केलं. शेड उठली, चुलवाण खोदलं, त्यावर रस आटवायची काहील आली. घाणाही आणला तो मोठा, दोन माणसांनी सारखा ऊस लावला तरी पुरणारा. वीज अजून त्यांच्या शेताकडं पोचली नव्हती. नवं डिझेल इंजिन नंबर लागेल तेव्हा मिळणार. दाजी आमच्या शेडमध्ये येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "बाळासाब, घाणा वढंल असं कायतरी द्या. दमदार पायजे."

आमच्या कोपऱ्यात एका जुन्या परदेशी लॉरीचं इंजिन पडून होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. एका ओळीत सहा सिलिंडर. ओतीव लोखंडाचा तो लांबलचक ब्लॉक एखाद्या झोपलेल्या रेड्यासारखा दिसायचा. राजाने त्याच्यावर थाप मारली. मी दाजींना म्हणालो, "मी करून देतो. ऊस संपंल, पण हे थकायचं न्हाय."

आक्काच्या सासरी शब्द दिला होता. तो काही गिऱ्हाइकाला दिलेला शब्द नव्हता.

श्रावणापासून आम्ही त्याच्या मागं लागलो. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, मोठा केला, मोठे पिस्टन बसवले. क्रँक घासून गोल केली. सहाही रॉड वजनाला सारखे हवेत, नाहीतर इंजिन फिरताना हादरतं. आमच्याकडचा तराजू किराणा दुकानातून बाद झालेला. म्हणून मी रॉड पिशवीत भरले आणि एस.टी.नं हुपरीला गेलो. तिथं चांदीचे पैंजण करणाऱ्या एका ओळखीच्या घरी चांगला काटा होता. ओसरीवर बायका पैंजणांना घुंगरं जोडत बसल्या होत्या. मी पिशवीतून काळा, जाडजूड रॉड काढून ठेवला तसं सगळ्यांचं काम थांबलं.

"पावणं, ह्यो दागिना कुणाच्या पायात घालणार?" घरमालकांनी विचारलं.

"घाण्याच्या."

त्यांनी हसत हसत लाल फडक्यावरचा काटा माझ्यापुढं सरकवला. जड निघालेला रॉड मी तिथंच कानशीनं घासत होतो, पुन्हा तोलत होतो. दुपार झाली. सहाही रॉड एका वजनाला आले तेव्हा मला एवढा आनंद झाला, की मी त्या अनोळखी बायकांना ते सांगितलंसुद्धा. घरमालकांनी चांदीचा कीस जपायच्या सवयीनं माझा लोखंडी कीस ब्रशनं गोळा केला, कागदाच्या पुडीत बांधला आणि पुडी हातात धरून स्वतःशीच म्हणाले, "आरं, ह्येचं काय करायचं आता?"

त्या हंगामातली एवढी एकच दुपार मी आनंदानं आठवू शकतो.

दिवाळीनंतर इंजिन गुऱ्हाळात बसलं. नारळ फुटला. पेट्रोलवर सुरू करून, गरम झाल्यावर ते रॉकेलवर घेतलं. इंजिनाच्या चाकावरून घाण्याच्या चाकावर लांब पट्टा चढला आणि घाणा फिरू लागला. पहिला ऊस चिरडला, रस पाटातून धावला. दाजींचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, चंदगडकडचा होता, बारीक अंगाचा, फार न बोलणारा. काहिलीतल्या रसाचा रंग बघून त्यानं मान डोलवली. आक्का चुलवाणाच्या उजेडात पदर खोचून उभी होती. दाजी पंचायतीच्या माणसांना माझ्याकडं बोट करून सांगत होते, "आमचं बाळासाब. ह्येंनी केलंय."

चार दिवस गेले असतील. पाचव्या की सहाव्या दिवशी चहा पिताना मला खालून आवाज ऐकू आला. टक्. टक्. टक्. इंजिनवाल्या माणसाला हा आवाज कसा लागतो हे सांगणं कठीण आहे. मी कप तसाच टाकून धावलो. तोवर शेवटच्या रॉडच्या बेअरिंगमधला पांढरा धातू वितळून तळाच्या तेलात उतरला होता.

कारण समजायला वेळ लागला नाही. त्या इंजिनात तेल दाबानं फिरत नव्हतं. रॉडच्या तळाशी पळ्या होत्या, त्या तेलात बुडून ते वर उडवत. लॉरीला ते चालतं, लॉरीला उतार लागतो, गिअर बदलतो, गाडी थांबते. घाण्याला उतार नाही. सकाळी लावलेला भार संध्याकाळपर्यंत क्षणभर हलका होत नाही. त्यात न जळलेलं रॉकेल खाली उतरून तेल पातळ करत होतं.

मग मी ठरवलं, तेल क्रँकच्या पोटातून न्यायचं. क्रँकला आडवी-तिरपी भोकं पाडायची, मोठा पंप बसवायचा, प्रत्येक बेअरिंगला दाबानं तेल द्यायचं. ड्रिल मशीनवर दिवसभर वाकून मी ती भोकं पाडली. लांब ड्रिल अर्ध्यात अडकायचं, तुटायचं, तुटलेला तुकडा बाहेर काढायलाच निम्मा दिवस जायचा. तिकडं आवारात तोडून टाकलेला ऊस वाळत होता. तोडलेला ऊस आंबतो. त्याला एक आंबूस, ताडीसारखा वास येऊ लागला. शेवटी दाजींनी तो म्हशींपुढं टाकला. म्हशी खूश होत्या.

मी त्या दिवसांत आक्काकडंच राहत होतो. सकाळी सायकलवरून उद्यमनगर, दुपारी परत, हातात कुठला तरी तेलकट तुकडा. अंगणात बसून जेवताना दाजी विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचो, "होतंय." आधी ते "बाळासाब, झालं का?" विचारायचे. पुढं नुसतं "झालं का?" राहिलं.

इंजिन पुन्हा लागलं. तेलाच्या दाबाचा काटा छान वर उभा. मी त्या काट्याकडं देवासारखा बघत बसायचो. आठवडा बरा गेला आणि मागचं मुख्य बेअरिंग तापलं. या वेळी पट्ट्याचा दोष. तो जाड पट्टा क्रँकला सारखा एका अंगाला ओढत होता आणि मागचं बेअरिंग एका बाजूनं झिजत होतं. पुन्हा इंजिन खोललं. पट्ट्यासाठी वेगळा शाफ्ट, त्याला स्वतःची दोन बेअरिंगं, खाली सिमेंटचा ओटा. हे आधी सुचायला हवं होतं, असं राजा म्हणाला. तुला सुचलं होतं का, असं मी म्हणालो. आमच्या शेडमध्ये असली भाषा कधी नसायची.

शेतात उसाला तुरे आले होते. सकाळच्या उन्हात ते रुपेरी तुरे वाऱ्यावर डोलायचे. कोल्हापूरहून येणारी पाहुणेमंडळी बघून म्हणायची, किती सुंदर. ऊस तुऱ्याला आला की आतून पोकळ पडत जातो, रस हटतो. मला ते तुरे कुणीतरी मुद्दाम हात हलवून चिडवतंय असे दिसत. बांधापलीकडं थोरल्या चुलतभावाच्या गुऱ्हाळाचा धूर रोज ठरल्या वेळी सरळ वर जायचा. गुळव्या आमच्या गुऱ्हाळात उकिडवा बसून त्या धुराकडं बघायचा. एके दिवशी त्यानं आपलं घोंगडं खांद्यावर टाकलं. "मालक, हात बसून ऱ्हात न्हायती," एवढंच म्हणाला आणि बांध ओलांडून पलीकडं गेला.

तिसऱ्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा कुणी नारळ आणला नाही. चालत चांगलं होतं. फक्त घाण्याला हवा तो वेग दिला की खालून एक गुरगुर यायची. आवाजापेक्षा ती पायांना जास्त कळायची, जमिनीतून. वेग थोडा कमी केला तर जायची, पण मग घाणा ऊस ओढेना. मी बेअरिंगं तपासली, बोल्ट आवळले, ओटा तपासला. सगळं जागच्या जागी. "असंल," राजा म्हणाला. आम्ही ते तसंच त्या वेगावर चालू ठेवलं.

मग एका सकाळी मोठा दणका झाला आणि घाणा थांबला. उसाची मोळी तोंडात धरून थांबला. इंजिनाचा पुढचा भाग फिरत होता आणि मागचा थांबला होता. क्रँक मधोमध तुटली होती. माणसाच्या मनगटाएवढं जाड लोखंड तिरपं, एखादं गाजर पिरगाळून मोडावं तसं मोडलं होतं. आणि ती चीर बरोबर मी पाडलेल्या तेलाच्या भोकातून गेली होती.

राजाने वाकून पाहिलं. बोटानं ती कड चाचपली.

"तुझ्या भोकानं गेली," तो म्हणाला.

"भोक नसतं तर बेअरिंग गेलं असतं!"

"बेअरिंग ओतता येतंय. आता काय क्रँक ओततोस?"

"मग तूच करायचं हुतंस की! दिसभर ड्रिलवर मी वाकलोय, तू न्हाय!"

राजाने हातातला पाना ओट्यावर ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला, आणि सायकल काढून निघून गेला. दाजी दारात उभे होते. ते मला म्हणाले, "पावणं, बास झालं आता."

मेहुण्याला पावणं म्हणायचीच पद्धत आहे आमच्याकडं. त्यात वावगं काही नाही. पण दाजींनी मला त्याआधी कधी पावणं म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी आक्का कुणालाही न विचारता थोरल्यांच्या घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ताकाचा तांब्या होता. चुलीपुढं बसत ती म्हणाली, "परवापासनं आपला ऊस तिकडं लावायचा. त्येंच्या काहिलीचं आदण उतरलं की आपलं."

दाजी ताडकन उठले. "कुणाला इचारून गेलतीस? माझा शबूद काय ऱ्हायला गावात?"

"शबूद तुमचा. ऊस पोरांचा हाय," आक्का म्हणाली. "आन् त्ये माझं दीर हायत. भांडान तुमचं झालंय, माझं न्हाय. मी गेलो, बसलो, चा घेतला. त्येनीच म्हटलं, एवढं दिस का आला न्हाईसा."

दाजी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण गाड्या भरून बांधापलीकडं जाऊ लागल्या. तिथं आमचाच गुळव्या आमच्याच उसाचा गूळ करत होता. वेळ गेला, रस कमी उतरला, बराच ऊस पोकळ निघाला, पण वर्ष बुडालं नाही. मी मात्र गुऱ्हाळाच्या शेडमध्ये तुटलेल्या क्रँकचे दोन तुकडे पुढ्यात घेऊन बसायचो. घरी परत जावं तर माझ्या हातून मोडलेलं काम इथं पडलेलं. राहावं तर कुणाला तोंड दाखवावं. आक्का भाकरी घेऊन यायची, ठेवायची, काही विचारायची नाही. तिनं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं.

भंगारवाल्यांकडं मी रोज फिरू लागलो. तसल्याच जातीचं दुसरं इंजिन एका ढिगाखाली सापडलं. ब्लॉक फुटलेला, पण क्रँक साबूत. ते बाहेर काढणं एकट्याचं काम नव्हतं. मी उद्यमनगरात गेलो. राजा लेथवर होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मशीन बंद केलं आणि हात पुसत म्हणाला, "कुठं हाय?" आमच्यात भांडणाबद्दल त्यापुढं कधीच बोलणं झालं नाही.

क्रँक काढताना राजा मध्येच थांबला. "आरं, ह्ये काय हाय बघ."

त्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला साध्या पुलीच्या जागी एक जड चाक होतं. नीट पाहिलं तर चाकात दुसरं चाक, आणि दोन्हींच्या मध्ये रबराचा थर. आमच्या इंजिनाला पुढं नुसती पुली होती. ते आमच्याकडं येण्याआधीच कुणीतरी ते चाक काढून पुली ठोकली असणार. आम्हाला तिथं काही असतं हेच माहीत नव्हतं, कारण आमच्याकडं यायची ती सगळी चार सिलिंडरची इंजिनं.

आम्ही दोघं तिथं भंगारात बसूनच राहिलो. हळूहळू उलगडत गेलं. सहा सिलिंडरची क्रँक लांब असते. लांब म्हणून, कितीही जाड दिसली तरी, प्रत्येक धक्क्याला ती धुण्यासारखी थोडी पिळली जाते आणि सुटते. एका ठरावीक वेगाला तिचं पिळणं आणि धक्के एका तालात येतात, आणि मग पीळ वाढत जातो. ते रबरी चाक तो पीळ खाऊन टाकतं. ती गुरगुर म्हणजे क्रँक पिळली जात होती. घाण्याला जो वेग हवा होता, नेमका त्याच वेगाला. आणि पिळून पिळून ती जिथं दुबळी होती तिथं, माझ्या भोकाच्या कडेला, फाटली. भोकही खरं आणि पीळही खरा. राजाही बरोबर होता, मीही. या बरोबर असण्याचा कुणालाच काही उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या क्रँकलाही भोकं पाडावीच लागली. या वेळी प्रत्येक भोकाचं तोंड आम्ही गोल केलं, पॉलिशकागदानं घासून गुळगुळीत केलं, बोट फिरवलं तर कुठं अडकू नये असं. रबराचा थर नवा करून ते चाक बसवलं. इंजिन सुरू केलं, वेग वाढवत नेला. मी चपला काढून जमिनीवर अनवाणी उभा राहिलो. जिथं गुरगुर यायची तो वेग आला आणि गेला. पायांना काहीही कळलं नाही. राजा माझ्याकडं बघत होता. मी मान हलवली.

असं इंजिन मी त्यानंतर केलं नाही. तेलाचा दाब हलत नव्हता, बेअरिंगांवर हात ठेवता येत होता, घाणा तोंडात जाईल ते खात होता. आणि खायला उरला होता फक्त विहिरीकडचा खोडवा, तोडल्या जागी पुन्हा फुटलेला ऊस. तो इतका थोडका होता की दोन दिवसांत सगळा संपला. गुळव्या परत आला होता, त्यानं शेवटची काहील उतरवली. दाजी इंजिनाजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी कान देऊन ऐकलं. मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, "रॉकेल बंद करा. ऊस न्हाय आता."

पुढच्या हंगामाआधी तिकडं वीज आली. घाण्याला मोटर लागली. खटका दाबला की सुरू. इंजिन काही वर्षं ताडपत्रीखाली होतं, मग कुठं गेलं मी विचारलं नाही.

परवा पुन्हा तो वास आला आणि मी घरी येऊन आक्काला फोन केला. तिचं आता ऐंशीच्या पुढं वय आहे. ऐकू कमी येतं, आवाज मात्र शेतातून हाक मारल्यासारखा. मी म्हणालो, "आक्का, ते रबराचं चाक आधी सापडलं असतं तर तुझा सगळा ऊस आपल्याच घाण्यावर गेला असता. तुला थोरल्यांच्या दारात जावं लागलं नसतं. दोन दिवस, आक्का! सगळा हंगाम घासलो आणि दोन दिवस चाललं!"

"कसलं चाक?"

मी सांगितलं. क्रँक, पीळ, भोक, सगळं. ती व्हय, व्हय म्हणत राहिली.

"मला न्हाय बाबा त्यातलं काय याद," ती शेवटी म्हणाली. "लगीन झाल्यापासनं माझ्या घरात माझ्या माहेरचं माणूस कधी दोन रातीच्या वर ऱ्हायलं नव्हतं. आबा आलं तरी चा पिऊन जायचं, लेकीच्या घरी ऱ्हाऊ नये म्हणून. त्या वर्षी तू सगळा हंगाम ऱ्हायलास. मी रोज तुझ्यासाठी भाकरी थापायची. देवाला म्हणायची, मोडू दे अजून एकदा."

"आक्का!"

"मग? दोन रॉड मोडलं म्हणून काय बिघडलं?"

"रॉड न्हाय गं," मी ओरडलो, "क्रँक!"